सतरा ज्यूलची फिल्म आणि सात ज्यूलचा कपॅसिटर

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील एका तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. जिंतूरकडच्या एका शाळेतील नववीच्या दोन मुलांनी 'बॅटरीला पर्याय : पॉलिमर कपॅसिटर' असा तक्ता मांडला होता. तक्त्यावर एका बातमीचे कात्रण चिकटवलेले होते. परदेशातील शास्त्रज्ञांनी अशी प्लॅस्टिकची फिल्म तयार केली आहे की तिच्या एका घन सेंटिमीटरमध्ये १७ ज्यूल ऊर्जा मावते, आता मोबाइल क्षणात भरेल, गाड्यांच्या बॅटऱ्या अडगळीत जातील, असा त्याचा मजकूर होता. टेबलावर विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीतून काढलेला एक खराखुरा कपॅसिटर ठेवला होता. त्याचे डोके फुगलेले होते. मी तक्त्याचे कौतुक केले, गुण लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. मागून त्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, हा कंडेन्सर दर उन्हाळ्यात जातो बघा. असा का फुगतो हा?" वेळ थोडा होता. "गरम होतो म्हणून," एवढेच उत्तर मी दिले.

उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. कात्रणातल्या आकड्याची परीक्षा करायला माझ्यासमोर अस्सल साधन ठेवलेले होते आणि परीक्षक असूनही मी ती केली नाही. येथे ती करायची आहे. पॉलिमर फिल्मविषयीच्या बातम्या, आपला वर्गातला धारित्राचा पाठ आणि माझ्यासारख्या संशोधकांचे शोधनिबंध, या तिन्हींचा हिशेब त्या फुगलेल्या डब्याशी जुळतो का, हे पाहू.

आधी डबा. त्यावर ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट ए.सी. असे छापलेले होते. (घरातला दाब २३० व्होल्ट असताना ४४० कशाला, असे विद्यार्थी हमखास विचारतात. चालत्या मोटारीत धारित्राशी जोडलेल्या साहाय्यक वेटोळ्यात स्वतःचा दाब निर्माण होतो, त्यामुळे धारित्राच्या दोन टोकांमध्ये पुरवठ्याहून बराच जास्त दाब येतो.) ४४० व्होल्ट हे वर्गमध्यमूळ मूल्य, म्हणजे शिखर दाब सुमारे ६२२ व्होल्ट. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारकता गुणिले दाबाचा वर्ग. मांडणी केली की उत्तर येते सुमारे ७ ज्यूल. एक लिटर पाण्याची बाटली जमिनीवरून ७० सेंटिमीटर उचलायला जेवढे कार्य लागते, तेवढीच ही ऊर्जा! डब्याचा व्यास साधारण ५ सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर, म्हणजे घनफळ १७५ घन सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केला तर घन सेंटिमीटरला ०.०४ ज्यूल.

कात्रणात १७, डब्यात ०.०४. चारशे पटींहून अधिक अंतर. मग डबा बनवणारे अडाणी आहेत काय? मुळीच नाही. हे अंतर कुठे कुठे जाते, ते शोधण्यात या विषयाचे सगळे विज्ञान आहे.

डब्याच्या आत पॉलिप्रोपिलीनची फिल्म असते. तिच्यावर निर्वातात ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा अतिपातळ थर चढवून तिची गुंडाळी केलेली असते. हे पॉलिप्रोपिलीन तुमच्या ओळखीचे आहे. वेफर्सच्या नि बिस्किटांच्या पुड्यांचा चकचकीत कागद त्याचाच. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे कॉस्मो फिल्म्स (आता कॉस्मो फर्स्ट) या कंपनीचे असे कारखाने आहेत, आणि ही कंपनी १९८१ पासून देशात ही फिल्म बनवते आहे. वितळलेले पॉलिप्रोपिलीन सपाट फटीतून बाहेर काढतात, थंड रुळावर गोठवतात, मग आधी लांबीच्या दिशेने आणि नंतर रुंदीच्या दिशेने काही पट ताणतात. दोन्हीकडे ताणल्याने रेणूंच्या साखळ्या फिल्मच्या पातळीत रांगेने बसतात आणि फिल्म विलक्षण बळकट होते. धारित्राच्या फिल्मचा रेणू हाच. मात्र तिची जाडी पुड्याच्या फिल्मच्या निम्म्याहून कमी असते आणि शुद्धतेची अट फार कडक असते. उत्प्रेरकाचा राहून गेलेला एखादा कणही तेथे चालत नाही. अशी फिल्म बनवणे हे वेगळेच कसब आहे. आपल्या देशात पश्चिम बंगालमधील बरजोरा येथे एक्सप्रो इंडिया या कंपनीच्या कारखान्यात ती तयार होते.

आता आपल्या डब्यातील फिल्मची जाडी साडेसहा मायक्रॉन धरू. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस ५० ते ८० मायक्रॉन जाड असतो.) पॉलिप्रोपिलीनचा अपारक स्थिरांक २.२. सपाट धारित्राचे नेहमीचे सूत्र उलटे सोडवले तर ३६ मायक्रोफॅरडसाठी १२ चौरस मीटर फिल्म लागते. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा खोलीची पूर्ण फरशी झाकेल एवढी! हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. मुठीत मावणाऱ्या डब्यात एक खोली गुंडाळली आहे, हे मुले विसरत नाहीत.

येथे आपल्या पाठाविषयी थोडे बोलायला हवे. धारित्र शिकवताना आपला सगळा भर धारकतेवर असतो: क्षेत्रफळ वाढवा, अंतर कमी करा, मध्ये जास्त स्थिरांकाची पट्टी सरकवा, धारकता वाढते. गणितेही तशीच. त्यामुळे 'चांगला अपारक म्हणजे मोठ्या स्थिरांकाचा' अशी समजूत पक्की होते. पदव्युत्तर वर्गातून येणाऱ्या मुलांतही ती मला सर्रास आढळते. पण एक घन सेंटिमीटर पदार्थात किती ऊर्जा मावेल, हे अपारक स्थिरांक आणि विद्युत् क्षेत्राचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. स्थिरांक एकदाच येतो, क्षेत्र दोनदा. ज्या क्षेत्राला पदार्थात ठिणगी पडून भोक पडते, ते त्याचे भंगक्षेत्र. ते दुप्पट झाले तर ऊर्जा चौपट, निम्मे झाले तर चतुर्थांश. हवेचे भंगक्षेत्र मायक्रॉनला साधारण ३ व्होल्ट, आणि चांगल्या पॉलिप्रोपिलीन फिल्मचे प्रयोगशाळेत ६०० व्होल्टच्या पुढे. स्थिरांक २.२ इतका मामुली असूनही या फिल्मने इतकी वर्षे गादी का सोडली नाही, त्याचे मुख्य कारण हे.

शोधनिबंधांच्या दुनियेतही हीच चूक प्रतिष्ठित कपड्यांत वावरते. बेरियम टिटॅनेटसारख्या हजारांच्या घरात स्थिरांक असलेल्या सिरॅमिकची भुकटी पॉलिमरमध्ये मिसळायची, मिश्रणाचा स्थिरांक मोजायचा आणि 'तिप्पट वाढ झाली' असे जाहीर करायचे. उमेदीच्या काळात अशा वाक्यांचे निबंध मीही लिहिले आहेत. समजा स्थिरांक २.२ वरून ६.६ झाला, पण कणांच्या कडांशी क्षेत्र एकवटल्यामुळे भंगक्षेत्र ६०० वरून ३०० वर आले. ऊर्जा तीन गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे पूर्वीच्या पाऊण पट. मेहनत करून आपण माल बिघडवला, आणि निबंधाच्या मथळ्यात मात्र 'वृद्धी' हा शब्द!

कात्रणातला १७ चा आकडा मात्र असा पोकळ नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील क्यू. एम. झांग यांच्या गटाने २००६ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात तो प्रसिद्ध केला. पीव्हीडीएफ या फ्लोरीनयुक्त बहुवारिकाच्या साखळीत त्यांनी जाणूनबुजून दोष पेरले. या बहुवारिकात कार्बन-फ्लोरीन बंध हे जणू छोटे विद्युत् द्विध्रुव असतात आणि बाहेरच्या क्षेत्राबरोबर ते वळतात. त्यामुळे स्थिरांक दहाच्या वर जातो. पण मूळ पीव्हीडीएफमध्ये हे द्विध्रुव एकमेकांना धरून बसतात. क्षेत्र काढून घेतले तरी ते मागे वळत नाहीत, आणि त्यांत भरलेली ऊर्जा परत मिळत नाही. दोष पेरल्याने ही पकड सैल झाली. कल्पना सुंदर होती आणि तिने या क्षेत्राला नवी दिशा दिली, यात शंका नाही.

माझी तक्रार त्या आकड्याच्या पुढच्या प्रवासाविषयी आहे. पहिली गोष्ट, बॅटरीशी तुलना. आजच्या लिथियम-आयन घटात घन सेंटिमीटरमागे दोन हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. १७ म्हणजे त्याच्या एक टक्काही नाही! बातमी लिहिणाऱ्याने ही एक ओळ तपासली असती तर 'बॅटऱ्या अडगळीत' हे वाक्य लिहिलेच गेले नसते. फिल्म धारित्राचे काम साठवणीचे नव्हेच, ते क्षणाचे आहे. हृदय थांबलेल्या रुग्णाच्या छातीवर दोनतीनशे ज्यूलचा धक्का काही मिलिसेकंदांत द्यायचा असतो. विजेवर चालणाऱ्या वाहनात बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये दर सेकंदाला हजारो वेळा ऊर्जा झेलायची नि परत द्यायची असते. आपल्या विहिरीवरच्या मोटारीत सेकंदाला शंभर वेळा भरायचे आणि शंभर वेळा रिकामे व्हायचे असते. यांतले एकही काम बॅटरीच्या आवाक्यातले नाही. गोदाम आणि तराफा यांची तुलना करून गोदाम निकामी ठरवण्यासारखे हे झाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि बातमीत ती कधीच नसते. प्रयोगशाळेत भंगक्षेत्र मोजताना फिल्मवर काही मिलिमीटर व्यासाचा धातूचा ठिपका चढवतात. ३ मिलिमीटर व्यास धरला तर क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर. आपल्या डब्यातील फिल्म १२ चौरस मीटर, म्हणजे त्याच्या सतरा लाख पट. दोर तुटतो तो सर्वांत कच्च्या जागी. दोर जितका लांब तितकी कच्ची जागा सापडण्याची शक्यता अधिक. वायबुल या स्वीडिश अभियंत्याने १९३९ मध्ये या साध्या विचाराला गणिती रूप दिले. त्याच्या सूत्रात पदार्थाच्या एकसारखेपणाचा एक घातांक असतो. तो १५ धरला (हा काही वाईट फिल्मचा आकडा नव्हे) तर सतरा लाख पट क्षेत्रफळासाठी भंगक्षेत्र सुमारे २.६ पटीने घटते आणि ऊर्जा जवळजवळ सातव्या हिश्शावर येते. ठिपक्यावरच्या १७ ज्यूलचे गुंडाळीत अडीच होतात, तेही पहिल्याच हिशेबात.

पॉलिप्रोपिलीनच्या फिल्मला हा नियम लागू नाही काय? आहे, पण तिच्याकडे एक युक्ती आहे. कच्च्या जागी ठिणगी पडली की भोवतालचा तो अतिपातळ धातूचा थर वाफ होऊन उडून जातो. भोकाभोवती धातूच उरत नाही, मग शॉर्टही उरत नाही. फिल्म आपली जखम आपणच भरते. यात थोडे क्षेत्रफळ तेवढे गमावते. युक्ती साधते ती पॉलिप्रोपिलीन जळताना फारसा कार्बन मागे राहत नाही म्हणून. नवी फिल्म सुचवणाऱ्याने तिची जखम कशी भरते, हेही सांगायला हवे, पण बहुतेक निबंध याविषयी गप्प असतात.

तिसरी गोष्ट उष्णतेची. प्रत्येक अपारकात दर आवर्तनाला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्याचे माप म्हणजे नुकसान-गुणांक. पॉलिप्रोपिलीनचा तो ०.०००२ इतका कमी, तर पीव्हीडीएफच्या घराण्याचा ०.०२ च्या आसपास. २००६ च्या निबंधात नव्या फिल्मचे नुकसान कमी असल्याचे म्हटले आहे. जुन्या पीव्हीडीएफच्या मानाने ते खरे आहे, पण पॉलिप्रोपिलीनच्या मानाने नाही. आपला डबा घेऊन हिशेब करू. ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट, ५० हर्ट्झ: धारित्रात पुढेमागे झुलणारी शक्ती सुमारे २,१९० व्होल्ट-अँपिअर. त्याला ०.०००२ ने गुणले तर अपारकात वाया जाते अर्धा वॉटसुद्धा नाही. ०.०२ ने गुणले तर ४४ वॉट. आकाराने लहान झालेल्या डब्यात, बंद पत्र्याच्या पेटीत, एका डाखणीच्या कानशीएवढी (म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी) धग सतत! 'ऊर्जा घनतेत श्रेष्ठ' फिल्मचा कपॅसिटर मुलाच्या शेतात उन्हाळ्याची वाट न पाहता पहिल्याच पाळीत शिजला असता.

असे असूनही आपल्या डब्यात ०.०४ एवढेच का, हा प्रश्न उरतो. साडेसहा मायक्रॉनवर ६२२ व्होल्ट म्हणजे मायक्रॉनला ९६ व्होल्ट, भंगक्षेत्राच्या फार तर सहावा हिस्सा. या क्षेत्राला फिल्ममधील ऊर्जा घन सेंटिमीटरला ०.०९ ज्यूल, आणि डब्यात निम्म्याहून अधिक जागा राळ, गाभा, जोडण्या नि मोकळी जागा यांची. म्हणून ०.०४. हा सहावा हिस्सा ही उधळपट्टी नव्हे. उलटसुलट दाबाखाली हजारो तास टिकायचे असेल तर क्षेत्र कमीच ठेवावे लागते. ढोबळमानाने दाब वाढला की आयुष्य त्याच्या सातव्या-आठव्या घाताने घटते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की निम्मे होते. दाब दहा टक्क्यांनी वाढला तर आयुष्य अर्ध्यावर येते, हे मुलांना गणकयंत्रावर करून पाहू द्यावे.

आता त्या मुलाचा प्रश्न. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात ४२-४३ अंश हे नित्याचे. विहिरीच्या काठावर उघड्या उन्हात उभ्या केलेल्या पत्र्याच्या पेटीत पारा सहज ५५-६० वर जातो. त्यात मोटारीची स्वतःची धग आणि रात्री भार उतरला की चढणारा दाब. जखमा वारंवार होतात. प्रत्येक जखमेतून थोडा वायू सुटतो. तो गोळा झाला की ॲल्युमिनियमच्या डब्याचे झाकण वर उचलते आणि आतली तार तुटते. चांगल्या डब्यात हे मुद्दाम तसे योजलेले असते, आग लागू नये म्हणून. म्हणजे मुलांनी टेबलावर ठेवलेला तो डबा बिघडलेला असला तरी त्याने शेवटचे काम चोख बजावले होते. हे मी त्यांना सांगायला हवे होते.

मधल्या काळात या क्षेत्राची भाषा सुधारली आहे, हेही नोंदवतो. २०१५ मध्ये 'नेचर' मध्ये त्याच पेनसिल्व्हेनिया स्टेटमधील क्विंग वांग यांच्या गटाने बोरॉन नायट्राइडचे अतिपातळ पापुद्रे मिसळलेली उष्णतारोधी फिल्म मांडली. तेथे भर कमाल आकड्यावर नव्हता. १५० अंश तापमानाला, वाहनात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या मायक्रॉनला २०० व्होल्ट इतक्या क्षेत्रात, भरलेल्यातले परत किती मिळते, हा प्रश्न होता. पॉलिप्रोपिलीन १०५ अंशांच्या पुढे टिकत नाही. विजेवरच्या गाडीत तिला थंड ठेवायला खटाटोप करावा लागतो, म्हणून हा प्रश्न योग्य. आता बरेच निबंध 'नव्वद टक्के परतावा राखून किती ज्यूल' असा आकडा देतात. ठिपक्याचे क्षेत्रफळ मात्र अजून बारीक अक्षरांतच सापडते.

महावितरण दर हंगामात शेतकऱ्यांना आवाहन करते: कृषिपंपांना कपॅसिटर बसवा, रोहित्रे जळणार नाहीत. सल्ला रास्त आहे. शक्तिगुणक ०.७ वरून ०.९ वर गेला तर तारेतील प्रवाह २२ टक्क्यांनी आणि तारेतील उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. पण कपॅसिटर कुठे बसवावा, उन्हात तो का मरतो, मेला हे कसे ओळखावे, हे आवाहनाच्या दोन ओळींत मावत नाही. ते शाळेत मावू शकते. प्रदर्शनातला तक्ता मला पुन्हा तपासायला मिळाला असता तर कात्रणाच्या जागी मी एक वही मागितली असती. धारकता मोजणारे साधे मल्टिमीटर आता शाळेच्या आवाक्यात आहे. मोटारीची वीज मुख्य स्विचपासून तोडून, धारित्राची दोन टोके काही हजार ओहमच्या रोधातून रिकामी करून (सात ज्यूल थोडे असले तरी सहाशे व्होल्टचा झटका थोडा नसतो, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावे), गावातल्या दहावीस पंपांचे कपॅसिटर दिवाळीनंतर एकदा आणि जूनमध्ये एकदा मोजायचे. पेटी उन्हात की झाडाच्या सावलीत, तेही लिहायचे. ३६ चे ३४ झाले असतील तर १२ चौरस मीटरपैकी सुमारे दोन तृतीयांश चौरस मीटर फिल्म जखमा भरण्यात खर्ची पडली. ३२ च्या खाली गेले असतील तर झाकण फुगण्याची वाट न पाहता तो बदलावा, आणि नवा घेताना डब्यावर ८५ अंशांची कमाल मर्यादा छापली आहे की ७० ची, ते वाचून घ्यावे.